विद्यार्थिदशेतील कागद

चित्रकार नावारूपाला आला म्हणजे त्याच्या प्रौढ कृतींचे देखणे ग्रंथ निघतात. शिकत असताना त्याने गिरवलेले कागद मात्र माळ्यावरच्या पेटीत राहतात, आणि आपल्या किनाऱ्यावरचा चार महिन्यांचा पाऊस, बुरशी, कसर व वाळवी यांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. लक्ष्मण पै यांचेच उदाहरण घ्या. १९२६ साली मडगावात जन्मलेले पै १९४३ ते १९४७ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले, १९५१ साली पॅरिसला गेले, पुढे १९७७ ते १९८७ गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि २०२१ मध्ये निवर्तले. रागांवरील त्यांची चित्रे रसिकांना ठाऊक आहेत. ती लयदार रेषा ज्या सरावातून सिद्ध झाली, तो सराव कितीजणांनी पाहिला आहे?

हा खटाटोप ज्यांना निष्फळ वाटतो त्यांनी बार्सिलोनाकडे पाहावे. पिकासोची बालपणीची व विद्यार्थिदशेतील चित्रे तेथे त्याच्या कुटुंबीयांनी जपली आणि १९७० साली त्याने ती त्या शहरातील संग्रहालयाला दिली. त्यांत शाळेच्या पुस्तकांच्या समासांत काढलेली चित्रेही आहेत. प्लास्टरच्या मूर्तींवरून त्याने निमूटपणे केलेली रेखाटने पाहिली म्हणजे पुढे त्याने काय मोडले ते उमगते. जे. जे. मधील शिक्षणातही अशा प्रतिकृतींवरून रेखाटन करण्याची शिस्त होतीच.

मात्र अशा कागदांचे पुस्तक काढायचे तर त्याची मांडणी प्रदर्शनग्रंथासारखी करून भागणार नाही. शिकाऊ चित्राला उत्तम कृतीचा साज चढविणे ही वाचकाची दिशाभूल होय. कागद कडांसकट, टाचणीच्या भोकांसकट छापावा. गुरुजींनी दुरुस्तीची रेघ ओढली असेल तर ती पुसू नये; आमच्या मते तीच पानावरची सर्वांत बोलकी रेघ. पाठीमागे काही खरडलेले असेल तर तेही छापावे. निवडक चांगलेच घेण्याचा मोह टाळून क्रम तारखेप्रमाणे लावावा, तारीख नसेल तर तसे लिहावे आणि प्रत्येक चित्राचे माप द्यावे. गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल व कोळसा निर्जीव दिसतात. तेथे बिनचकाकीचा कागदच हवा. रेखाटन काळे असले तरी छपाई चार रंगांत करावी, नाहीतर जुन्या कागदाचा पिवळेपणा हरवतो. बांधणी शिवणीची असावी, म्हणजे पान सपाट उघडते. मुखपृष्ठावर गाजलेले चित्र टाकून खप वाढविण्याची प्रकाशकी युक्ती येथे शोभणार नाही.

कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो; तेव्हा वारसांची संमती प्रथम. एखाद्या चित्रकाराने आपले शिकाऊ काम कोणाला दाखवू नये असे सांगून ठेवले असेल तर तेही मानावे लागेल. कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हे काम शिकण्यासारखे आहे आणि कला व संस्कृती संचालनालयाने खर्च उचलावा. पुस्तकाला दोन वर्षे लागोत. पेट्या उघडून कागदांची छायाचित्रे मात्र येत्या मृगापूर्वी घेतली जावीत.