चौकट : एकाच नटात 19 ते 93

समलिंगी माणसाने स्वतःला स्वीकारणं ही मोठ्या शहरांतल्या तरुणांची अलीकडची कमाई आहे, हा समज ‘स्वीट टी’ या अमेरिकन नाट्यप्रयोगापुढे टिकत नाही. ई. पॅट्रिक जॉन्सन या कृष्णवर्णीय अभ्यासक-नटाने अमेरिकेच्या दक्षिणेतच जन्मलेल्या, वाढलेल्या आणि तिथेच राहिलेल्या साठहून अधिक कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. सर्वांत धाकटा 19 वर्षांचा, सर्वांत थोरला 93 वर्षांचा. 2008 साली त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच शब्दांतून एकपात्री प्रयोग उभा राहिला. या आठवणींत चर्च पुन्हा पुन्हा येतं. प्रवचनात ज्याला पापी ठरवलं जातं, तोच मुलगा गायकवृंदात गळा मोकळा करून गातो आणि सारी मंडळी त्याला दाद देतात. स्वतःवर प्रेम करायला तो अशा जागीही शिकतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

म्हातारपणी आठवणी गोड होतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ही माणसं अत्याचार, वर्णद्वेष आणि आजारपणाबद्दलही तितक्याच मोकळेपणाने बोलतात. सगळ्यांचे आवाज एकाच नटाने काढले तर वेगळेपण पुसलं जाईल, असंही कुणी म्हणेल. मात्र विशीतला आणि नव्वदीतला एकाच देहात शेजारी आले, की त्यांच्यातलं नातं उघड दिसतं. ते दिसायलाच हवं, कारण मधल्या पिढीतले अनेक जण एड्सने नेले. लेखक जोसेफ बीम 1988मध्ये, चित्रपटकार मार्लन रिग्ज 1994मध्ये, कवी एसेक्स हेम्फिल 1995मध्ये गेले. तिघांनीही चाळिशी पाहिली नाही.