कष्ट होते, हक्क नव्हता!

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत 'गरिबीवर मात' अशा मथळ्यांच्या बातम्या झळकू लागतात. आई मोलमजुरी करते, बाप बोटीवर खलाशी आहे, घरात अभ्यासाला धड कोपरा नाही, तरीही पोरगी केंद्रात पहिली! वाचून ऊर भरून येतो. आंजर्ल्यापासून मंडणगडपर्यंतच्या बौद्धवाड्यांत अशा मुलांचा सत्कार व्हायलाच हवा. परंतु या बातम्यांतून जो निष्कर्ष समाजाच्या गळी उतरवला जातो, तो तपासला पाहिजे. कष्ट आणि जिद्द असेल तर गरिबी हटते, असे सांगितले जाते. मग प्रश्न उरतो, आमच्या आज्या-पणज्यांनी कष्ट काय कमी केले होते?

आंजर्ल्याला आज पर्यटक येतात ते कड्यावरचा गणपती आणि समुद्रकिनारा पाहायला. या मातीचा दुसरा इतिहास त्यांना कुणी सांगत नाही. दापोली, मंडणगड, खेड या भागावर पिढ्यान्‌पिढ्या खोतीचा अंमल होता. खोताने सरकारात ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून मात मनाला येईल तेवढे वसूल करायचे. वर वेठबेगार वेगळीच. राब भाजायचा कुळाने, लावणी करायची कुळाने, आणि भात जायचे खोताच्या कोठारात. या माणसांच्या अंगी जिद्द नव्हती, असे म्हणायची कुणाची छाती आहे काय? कष्ट होते, हक्क नव्हता.

माता रमाईंचे वणंद गाव याच दापोली तालुक्यातले. त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि भावंडांसह रमाईंना नातलगांच्या आधाराने मुंबई गाठावी लागली. बाबासाहेब विलायतेत शिकत असताना या माऊलीने शेण्या थापून संसार रेटला. पोटची लेकरे एकामागून एक गेली, तरी ती खचली नाही. २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यात कष्टांची कसली उणीव होती? शाळेचे दार मात्र त्यांच्यासाठी कधी उघडले नाही.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ कॅम्प दापोलीत राहिले. पुढे परळच्या चाळीतल्या एका खोलीत भीमराव शिकले. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडून दागिना मागून आणून गहाण टाकत. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. म्हणजे जगाला दिपवणाऱ्या त्या विद्वत्तेमागे एकट्याची जिद्द नव्हती. बापाचे जागरण होते, बहिणींचा त्याग होता, पत्नीच्या शेण्या होत्या आणि वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती होती.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. म्हणूनच ते आम्हाला नुसता कष्टाचा उपदेश करून थांबले नाहीत. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. ते विधेयक मंजूर झाले नाही. पण लढा वाया गेला नाही. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. दुसरीकडे त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. कष्टाला हक्काची जोड मिळाली, तेव्हा कुठे चाळीतल्या खोल्यांतून वकील, प्राध्यापक, अधिकारी बाहेर पडू लागले.

आज हीच जोड तोडण्याचा डाव सुरू आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, शिक्षण मूलभूत हक्क झाले. २००९ च्या कायद्यानंतर राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. आणि २०२३ साली याच राज्याच्या शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळे'ची कल्पना पुढे आणली! कोकणात वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. माणसे पोटासाठी मुंबईला गेलेली. पट कमी असणारच. पावसाळ्यात वहाळ ओलांडून लांबच्या शाळेत पहिलीतले पोर कसे जाणार? त्यातही मुलीचीच शाळा आधी सुटणार. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने फीसाठी कर्ज काढणारे पालकही आम्ही रोज पाहतो. दहा वर्षांनी यांच्यापैकी कुणी गळले, तर 'जिद्द कमी पडली' म्हणून त्यालाच दोष दिला जाईल!

म्हणून गावशाखा आणि मुंबई मंडळांना कळकळीचे सांगणे आहे. गुणगौरव जरूर करा, पण ट्रॉफी आणि शालीवर थांबू नका. गावातली शाळा बंद करण्याची हालचाल दिसताच ग्रामसभेत ठराव घ्या, शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे बसवा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, गरज पडली तर न्यायालयात जा. आणि जे शिकून मोठे झाले, त्यांनी आपल्या यशात कुणाकुणाचा वाटा आहे याचा हिशेब मांडावा. शिकलेल्यांनी मला धोका दिला, ही बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात व्यक्त केलेली व्यथा अजून शिळी झालेली नाही.

जिद्द आमच्या रक्तातच आहे, ती आम्हाला कुणी शिकवू नये. आम्हाला हवा आहे हक्क, आणि तो संघटित होऊन राखावा लागेल. जयभीम!