पोईसरचे पाणी आणि प्राणवायूचा जमाखर्च

साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, या रोजच्या अनुभवावरून वायूंनाही तोच कायदा लागू असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चहाचे आधण ठेवल्यावर, उकळी फुटण्याच्या पुष्कळ अगोदर पातेल्याच्या तळाशी जे टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात, ते वाफेचे नसून पाण्यातून बेदखल झालेल्या हवेचे असतात. वायू पाण्यात विरघळताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. पाणी तापवले म्हणजे वायूच्या रेणूंना निसटून जाण्याइतकी ऊर्जा मिळते. दाबाचा प्रभाव याच्या उलट असतो, हे विल्यम हेन्री याने 1803 साली दाखवून दिले, आणि गोटी सोडा विकणारा बाटल्या बर्फात ठेवतो तेव्हा दाब आणि गारवा या दोहोंचा फायदा तो नकळत पदरात पाडून घेत असतो.

गोड्या पाण्याचा एक लिटर शून्य अंशाला सुमारे 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू सामावून घेतो, 20 अंशांना 9.1, आणि 30 अंशांना जेमतेम साडेसात. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावून कांदिवलीतून खाडीकडे जाणारी पोईसर नदी पावसाळ्यात खडकांवरून आदळत येते तेव्हा हवेशी तिचा मनमुराद संग घडतो; वैशाखात मात्र वस्तीतील सांडपाण्याने संथ झालेल्या त्याच पात्रात जमेची बाजू आटते आणि खर्चाची वाढते, कारण घाण कुजवणारे जिवाणू उष्म्याने चेकाळून प्राणवायू फस्त करतात, आणि माशांचे शरीरही पाण्याबरोबर तापत असल्याने त्यांची श्वासाची गरज नेमकी तेव्हाच वाढते. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे उन्हाळ्यातील निर्मळ पाण्यापाशीसुद्धा शिल्लक फारशी नसते, मग गटाराच्या पाण्याची काय कथा!

तलावांत खरा कसोटीचा काळ भर दुपारचा नव्हे, पहाटेचा. दिवसा शेवाळ उन्हाच्या बळावर प्राणवायू निर्माण करते, रात्री तेच तो वापरू लागते, आणि उजाडता उजाडता मासे तोंडे वर काढून पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. उपनगरांतील तलावांवर कारंजी बसवण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ आहे, आणि ती बहुधा संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या सोयीने चालतात. माशांसाठी चालवायची असतील तर मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवावीत.