पॅरिश चर्चमधील आरोग्य व सुरक्षा व्यवस्था (इंग्लंड)

चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिश चर्चमध्ये येणाऱ्या कोणालाही इजा होऊ नये, याची जबाबदारी मुख्यत्वे पॅरोकियल चर्च कौन्सिलवर असते. धर्मगुरू आणि स्थानिक सभासद यांच्या या मंडळातील बहुतेक सभासद विनावेतन काम करतात. पाच किंवा अधिक कर्मचारी असल्यास १९७४ च्या कायद्यानुसार सुरक्षा धोरण लेखी असावे लागते. अनेक चर्चमध्ये पगारी कर्मचारी एकही नसतो. तथापि १९५७ च्या कायद्यानुसार वास्तूचा ताबा असणाऱ्याने अभ्यागतांची वाजवी काळजी घेणे बंधनकारक आहे. २००५ च्या आदेशानुसार आगीच्या धोक्याचे मूल्यमापनही करावे लागते.

घंटाघर हा विशेष जोखमीचा भाग होय. इंग्रजी पद्धतीत घंटा पूर्ण वर्तुळात फिरवतात. ती तोंड वर करून ठेवलेली असल्यास अजाणता ओढलेल्या दोरानेही शेकडो किलोंची घंटा उलटते आणि दोर धरणारा वर खेचला जाऊ शकतो. म्हणून वादनानंतर घंटा तोंड खाली करून ठेवणे, दोर उंच अडकवणे आणि घंटाघराला कुलूप लावणे इष्ट मानले जाते.

दफनभूमीतील कललेल्या स्मृतिशिळा पडून ब्रिटनमध्ये मुले दगावली आहेत. शिळा मृताच्या वारसांच्या मालकीची असली, तरी आवाराच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व कौन्सिलचेच राहते. दफनासाठी बंद झालेल्या आवाराची देखभाल मात्र स्थानिक नागरी प्रशासनाकडे सोपवता येते. शिळा कायमची हटवण्यासाठी सामान्यतः ‘फॅकल्टी’ हा चर्च न्यायालयाचा परवाना लागतो. त्यामुळे तातडीच्या प्रसंगी प्रथम भोवती कुंपण घालून सूचनाफलक लावतात.