आधी पहिलं अक्षर वाचा

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा एक जुना रेडिओ घेऊन घरी आला. त्याच्या आजोबांचा. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. लाकडी खोकं, पुढे जाळीदार कापड, स्टेशनांची नावं छापलेली काच. दोन नॉबपैकी एक कधीच हरवलेला, त्या जागी नुसता लोखंडी दांडा. भाचा उत्साहात होता. म्हणाला, "मामू, वायर शाबूत आहे. प्लग लावून बघू का?"

मी म्हणालो, "अजिबात नको. आधी मागचा पुठ्ठा काढ आणि आतल्या काचेच्या नळ्यांवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

मोबाइलच्या उजेडात तो वाचू लागला. यूसीएच ८१, यूएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४, यूवाय ८५. पाचही नावांची सुरुवात 'यू'ने. माझ्या अंगावर काटा आला.

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. माझ्या तोंडी ही भाषा कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. माझे अब्बा बार्शीत रेडिओ दुरुस्त करायचे. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी वर्तमानपत्र त्यांना वाचता येत नसे, पण व्हॉल्व्हवरची चार अक्षरं बघून ते त्याची कुंडली सांगत. मी नऊ वर्षांचा असताना त्यांच्या दुकानात असाच एक उघडा दांडा बोटांनी फिरवायला गेलो. विजेने असा झटका दिला, की मागच्या भिंतीवर आदळलो. उजव्या हाताची बोटं दोन दिवस बधिर होती. अब्बा रागावले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि व्हॉल्व्हवरचं एक अक्षर दाखवलं. म्हणाले, "बेटा, हे 'यू'. हे ओळखायला शीक." शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. त्यामुळे माझी एबीसीडी सुरू झाली ती ई, यू, पी, डी अशी!

पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो, तेव्हा लक्षात आलं की अब्बांनी मला एक व्याकरणच शिकवलं होतं. ही नावं म्हणजे नुसते नंबर नव्हेत. फिलिप्स, मुलार्ड अशा युरोपातल्या कंपन्यांनी १९३४ पासून वापरात आणलेली ती एक पद्धत आहे. तिच्यात उपसर्ग आहे, धातू आहे, प्रत्यय आहे.

पहिलं अक्षर उपसर्गासारखं. व्हॉल्व्हच्या आत एक तार असते. ती तापून लाल झाल्याशिवाय व्हॉल्व्ह काम करत नाही. म्हणून तर जुना रेडिओ बटण फिरवल्यावर थोडा वेळ घेऊन बोलू लागायचा. ही तार कशावर तापते, ते पहिलं अक्षर सांगतं. 'ई' असेल तर ६.३ व्होल्टवर. 'डी' असेल तर १.४ व्होल्टवर, म्हणजे बॅटरीवर. वीज न पोचलेल्या खेड्यांतले सेट या 'डी' घराण्याचे. 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअर आणि 'पी' म्हणजे ३०० मिलिअँपिअर प्रवाहावर चालणारा व्हॉल्व्ह.

पुढची अक्षरं म्हणजे धातू. व्हॉल्व्ह काय काम करतो, ते त्यांत असतं. 'एल' म्हणजे स्पीकरला जोर देणारा. 'एम' म्हणजे स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा. 'झेड' आणि 'वाय' म्हणजे एसी विजेची डीसी करणारे. एका नळीत दोन कामं असली, तर अक्षरंही दोन. शेवटचा आकडा हा प्रत्यय. आठने सुरू होणारा दोन आकडी नंबर असेल, तर व्हॉल्व्हला खाली नऊ पिना. नऊने सुरू झाला, तर सात पिना. तिनाने सुरू झाला, तर जुन्या पद्धतीच्या आठ पिनांचं जाड बूड.

आता 'यू'कडे येऊ. 'ई'च्या सेटमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतली वीज त्याच्या एका गुंडाळीत येते आणि सेटला मिळते दुसऱ्या गुंडाळीतून. दोन्हींचा थेट संबंध नाही. पण ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. शिवाय तो डीसी विजेवर चालत नाही, आणि एके काळी काही शहरांत डीसी वीजच होती. म्हणून ट्रान्सफॉर्मर वगळून दोन्हींवर चालणारे सेट निघाले. त्यांत व्हॉल्व्हच्या तारा एकामागे एक जोडतात, दिवाळीच्या लाइटिंगच्या माळेसारख्या. भाच्याच्या रेडिओतल्या पाच व्हॉल्व्हना मिळून सुमारे १२९ व्होल्ट लागतात. उरलेले एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये जिरवायचे. माळेतली एक तार तुटली की सगळाच अंधार.

धोका पुढेच आहे. अशा सेटमध्ये घरातल्या विजेची एक तार थेट चासीला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला, तर सांगाडा थंड. उलटा लावला, तर त्याच सांगाड्यात २३० व्होल्ट! नॉबचा दांडा त्या सांगाड्यालाच बसवलेला. म्हणून नॉब बेकेलाइटचे असत आणि त्यांच्या स्क्रूच्या भोकात पुष्कळदा मेण भरलेलं असे. नॉब हरवला की माणूस आणि वीज यांच्यामध्ये काही उरत नाही.

'पी' हे टीव्हीचं अक्षर. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या टीव्हीत पीएल, पीवाय, पीसीएल अशी नावं दिसतात. तिथेही तीच माळ, आणि सांगाड्याची भीतीही तीच. त्यात चित्रनळीला हजारो व्होल्ट लागतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते नळीत साठून राहू शकतात. युरोपीय पद्धतीच्या चित्रनळीवर 'ए ५९' असं काही लिहिलेलं असतं. ५९ म्हणजे पडद्याचा कर्ण, सेंटिमीटरमध्ये. नावाच्या शेवटी 'डब्ल्यू' असेल, तर कृष्णधवल. 'एक्स' असेल, तर रंगीत.

या भाषेतली एक गंमत मला फार आवडते. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला. त्यात तापणारी तारच नाही. मग नाव काय द्यायचं? जुन्याच पद्धतीने नाव दिलं ओसी ७१. 'ओ' म्हणजे शून्य, तार तापवायला काहीच लागत नाही. 'सी' हे व्हॉल्व्हच्या काळातलंच अक्षर. पुढे १९६६ मध्ये प्रो इलेक्ट्रॉन ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या यादीत 'ए' म्हणजे जर्मेनियम आणि 'बी' म्हणजे सिलिकॉन असं ठरलं. एसी १२८, बीसी १४८ ही नावं जुन्या कारागिरांना आजही पाठ आहेत.

भाच्याचा रेडिओ आम्ही सोलापूरच्या एका जुन्या कारागिराकडे नेला. त्यांनी सुकलेले कंडेन्सर बदलले, नॉब बसवले, सांगाडा तपासला आणि बाहेरून एक वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जोडून दिला. खरखर करत मीडियम वेव्हवर एक स्टेशन लागलं. भाच्याच्या आईने, माझ्या बहिणीने, पदर डोळ्यांना लावला.

अब्बांचं दुकान आता नाही. त्यांचा व्हॉल्व्हचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. त्यातल्या काही खोक्यांवर लाल पेन्सिलीने मोठा 'यू' काढलेला आहे. माझ्या त्या झटक्यानंतर त्यांनी तो काढला होता.

तेव्हा माळ्यावरचा एखादा सेट खाली काढलात, तर प्लग लावण्याची घाई करू नका. पुठ्ठ्यावर व्हॉल्व्हची नावं छापलेली असतात, ती वाचा. 'यू' किंवा 'पी' दिसला, तर सांगाड्यात वीज आहे असं समजूनच वागा. 'ई' दिसला म्हणूनही बेफिकीर राहू नका, कारण सगळेच कारखाने एका शिस्तीचे नव्हते. जाणकाराला दाखवा आणि मगच सुरू करा.