गावांनी जोपासलेली बेसबॉल स्पर्धा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या द्वीपकल्पावरील लहान गावांची हौशी बेसबॉल स्पर्धा हे लोकसहभागाचे बोलके उदाहरण होय. १९२३ साली चॅटहॅम, फालमथ, हायनिस व ऑस्टरव्हिल या चार गावांच्या संघांनी तिला संघटित रूप दिले. परंतु मंदीच्या काळात निधीची चणचण भासू लागली व १९३९ च्या हंगामानंतर ती बंद पडली. महायुद्ध संपताच, १९४६ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. १९६३ पासून ती महाविद्यालयीन खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा बनली. आज तीत दहा संघ आहेत.

खेळाडूंना वेतन मिळत नाही. हंगामभर ते स्थानिक कुटुंबांकडे मुक्काम करतात. सामन्यांना प्रवेशमूल्य नसते. प्रेक्षक स्वेच्छेने देणगी देतात. बरीचशी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात.

महाविद्यालयांत धातूची बॅट रूढ झाली असली, तरी येथे १९८५ पासून लाकडी बॅटच वापरली जाते. व्यावसायिक खेळातही तीच चालत असल्याने खेळाडूची खरी पारख येथे होते. १९६७ मध्ये चॅटहॅमकडून खेळलेला थर्मन मन्सन पुढे न्यूयॉर्क यांकीज या नामवंत संघाचा कर्णधार झाला.

कोविडमुळे २०२० चा हंगाम रद्द झाला. २०२१ मध्ये सामने पुन्हा रंगले. पैशाअभावी एकदा बंद पडलेला उपक्रम गावकऱ्यांनी आपला मानला, की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हेच यावरून दिसून येते. गावोगावी क्रीडांगणे उभारताना हा अनुभव मार्गदर्शक ठरावा.