प्राध्यापकवर्ग आणि संशोधनाची संस्कृती

आपल्या शाळेत शिकून गेलेले काही विद्यार्थी आज महाविद्यालयांत व विद्यापीठांत अध्यापन करीत आहेत, ही आम्हां शिक्षकांना अभिमानाची बाब वाटते. मात्र प्राध्यापकपद मिळणे आणि संशोधक घडणे या दोन भिन्न गोष्टी होत.

मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्याचे आरंभीचे प्रमुख कार्य होते. 1920 च्या दशकात या विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्या प्रश्नावलीला सविस्तर उत्तरे दिली. पदवी व पदव्युत्तर शिक्षणाची फारकत म्हणजे अध्यापन व संशोधन यांचीच फारकत होय आणि तीमुळे संशोधनाचेही नुकसान होते, असे त्यांनी त्यांत मांडले.

या मतामागे स्वानुभव होता. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांनी लेखकाच्या बऱ्याचशा टीकेशी आपण असहमत असल्याचे त्या प्रस्तावनेतच नमूद केले. मतभेद असूनही शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना देणे, हीच संशोधनाची संस्कृती.

ती केवळ नियमांनी निर्माण होत नाही. 2010 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने बढतीसाठी संशोधनाला गुण ठेवले. पण गुणांसाठी लिहिलेला लेख बढतीबरोबरच विस्मरणात जातो. लेखनापूर्वी वाचनाला सवड हवी, समृद्ध ग्रंथालय हवे आणि अपुरा निबंध सहकाऱ्यांपुढे निःसंकोच वाचता येईल अशी विभागाची नियमित बैठक हवी. तेथे कनिष्ठाने वरिष्ठाला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरू नये.

आपल्या समाजाला याची विशेष निकड आहे. चळवळीतील जलशांच्या वह्या, सभांची पत्रके आणि जुनी नियतकालिके घरोघरच्या पेट्यांत जीर्ण होत आहेत. ती नष्ट झाली तर आपला इतिहास पुराव्यानिशी लिहिणार कसा? समाजबांधवांनी हे कागद जपावेत. प्राध्यापक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांची नोंद व अभ्यास करावा. अध्यापन आणि संशोधन यांची सांगड घालण्याचा प्रारंभ तेथूनच होऊ शकेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.